क्रूझवरच्या स्पावर पैसे घालावेत का? अनुभवी लोकांनी सांगा

शेवंती_के

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं नुसतीच वाचते इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून आम्ही दोघांनी ७ रात्रींची क्रूझ बुक केलीये, पहिलीच वेळ. ४ दिवस बंदरं आणि २ दिवस नुसता समुद्र. पैसे भरून झाले, बॅगा किती न्यायच्या त्यावरून भांडून झालं, आणि आता क्रूझ कंपनीच्या ॲपवर दर दोन दिवसांनी स्पाची जाहिरात येते. तो फोटो असतो ना, पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली बाई, पाठीवर काळे गुळगुळीत दगड, मागे काचेतून समुद्र. आधी मी हसायचे, आता मला खरंच तिथे जाऊन पालथं पडावंसं वाटायला लागलंय. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान आणि डावा खांदा इतके कडक झालेत की वेगळे दगड लागणारच नाहीत.

दर असे दिसतायत. ५० मिनिटांचा साधा मसाज १५९ डॉलर, गरम दगडांचा ७५ मिनिटांचा २१९, आणि थर्मल सूट म्हणून काहीतरी प्रकार आहे त्याचा आठवड्याचा पास दोघांना मिळून ३४९. तो थर्मल सूट म्हणजे नक्की काय ते त्या ॲपवर वाचून मला कळलेलं नाही, सगळी विशेषणंच आहेत.

नवरा म्हणतो अंग चोळून घ्यायला समुद्रात कशाला जायचं, त्यापेक्षा त्या पैशात एखाद्या बंदरात चांगली सहल करू. मुलगी म्हणते आई बिनधास्त कर, तू स्वतःवर कधी खर्च केलायस. दोघांचंही पटतं हीच तर पंचाईत आहे.

घ्यावं का? घेतलं तर मसाज की पास? आधी बुक करावं की जहाजावर गेल्यावर? आणि तिथे म्हणे क्रीमं वगैरे गळ्यात मारतात, हे खरं का? मला नाही म्हणता येत नाही हो कुणाला, त्याचीच जास्त भीती आहे.

---

हिशेबनीस

शेवंतीताई, आधी २५ वर्षांचं अभिनंदन. आता आकडे, कारण मला दुसरं काही येत नाही.

१५९ हा आकडा डोक्यातून काढून टाका. बहुतेक जहाजांवर स्पाच्या बिलावर ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, आपोआप लागते, कुठे १८ टक्के कुठे २०. १८ धरले तर १५९ चे होतात १८७.६२. दोघांनी घेतला तर ३७५.२४. म्हणजे तुमच्या त्या आठवडाभराच्या पासापेक्षा जास्त, तेही ५० मिनिटांसाठी. युरोपातल्या काही मार्गांवर वर टॅक्सही लागतो, तो वेगळा.

आणि एक गंमत सांगतो, बिलाची जी स्लिप सहीला येते तिच्यावर १८ टक्के आधीच छापलेले असतात आणि त्याच्या खाली अजून एक रिकामी ओळ असते, जादा टिप लिहायला. मसाज झाल्यावर माणूस अर्धा झोपेत असतो, चष्मा लॉकरमध्ये असतो, मी पहिल्या वेळी त्या ओळीवर २० डॉलर लिहून आलो होतो आणि टोटल केबिनमध्ये आल्यावर वाचली. ती ओळ रिकामी सोडली तर कुणी काही म्हणत नाही. मनापासून द्यायचं असेल तर द्या, पण माहीत असून द्या.

दर रोज बदलतात हे दुसरं. समुद्रातल्या दिवशी सगळी जनता जहाजावर, स्पा भरलेला, तेव्हा पूर्ण भाव. बंदराच्या दिवशी सगळे खाली उतरतात, स्पा ओस, मग सकाळी केबिनमध्ये कागद येतो की आज अमुक इतके टक्के सूट किंवा तीन छोट्या ट्रीटमेंट मिळून एक भाव. चढायच्या दिवशीही बऱ्याचदा सूट असते, वर सोडत काढतात त्यात फुकट मसाजही असतो. मला आजवर लागलेला नाही.

आधी ॲपवर बुक करायला हरकत नाही, रद्द करता येतं, फक्त किती तास आधी ते नीट वाचा. बहुतेक ठिकाणी २४ तासांच्या आत रद्द केलं तर निम्मे किंवा सगळे पैसे जातात. जहाजावर स्वस्त दिसलं तर जुनं सोडून नवं घ्यायचं, इतकं सोपं आहे.

आणि बुकिंगबरोबर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्चायला दिलेली रक्कम, मिळालंय का ते बघा. ते परत न मिळणाऱ्या प्रकारचं असेल तर शेवटच्या रात्री उडून जातं. ते पैसे स्पात घालवले तर मी तरी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही.

---

रेवा_टी

ताई पास घ्या पास घ्या पास घ्या!!

थर्मल सूट म्हणजे काय ते सांगते कारण पहिल्या वेळी मलाही नव्हतं कळलं. एक मोठी खोली, समोर पूर्ण काच आणि काचेसमोर रांगेत टाइल्सचे पलंग, शरीराच्या वळणाने घडवलेले, आणि ते आतून तापवलेले असतात. बाकी मग वाफेची खोली, सॉना, कुठे मिठाच्या भिंतींची खोली, वेगवेगळ्या फवाऱ्यांचे शॉवर, आणि काही जहाजांवर कोमट पाण्याचा मोठा हौद ज्यात खालून बुडबुडे येतात आणि वरून मानेवर जाड धार पडते. तुमची मान म्हणताय ना, त्या धारेखाली दहा मिनिटं उभं राहा आणि मग मला सांगा.

पण खरी गोष्ट ते पलंग. तुम्ही त्यावर पडलात की पहिली दोन मिनिटं वाटतं हे काय, कडक आहे, उशीपण नाही. मग पाठीला ती ऊब लागायला लागते, मग कमरेला, समोर समुद्र सरकत असतो, कुणी बोलत नाही, गाणी नाहीत, तळणाचा वास नाही, लाउडस्पीकरवर बिंगो नाही, पोरं उड्या मारत नाहीत (बहुतेक ठिकाणी १८ च्या खालच्यांना प्रवेशच नसतो). चार हजार माणसांच्या जहाजावर ही एवढी एकच जागा गप्प असते आणि मी पैसे त्या गप्प बसण्याचेच देते, वाफ बिफ आपली वरून फुकट. डेकवर खुर्ची धरायला लोक सकाळी सातला टॉवेल टाकून येतात हो, इथे कधीही जा पलंग मोकळा, कारण पास मोजकेच विकतात.

मोजकेच म्हणजे संपतातही. त्यामुळे चढल्या चढल्या, जेवायला जायच्या आधी, स्पात जा. पहिल्या दिवशी फिरवून दाखवतात. हात लावून बघा पलंग गरम आहेत का आणि हौद आहे का, कारण प्रत्येक जहाजावर सगळं नसतं, एकाच कंपनीच्या दोन जहाजांवरसुद्धा फरक असतो. नुसती एक वाफेची खोली आणि दोन पलंग असतील तर नका घेऊ.

काही ठिकाणी हे भाड्यातच असतं. वायकिंग कंपनीच्या समुद्री जहाजांवर सगळ्यांनाच मोकळं आहे, तिथे तर बर्फाची खोलीपण आहे, सॉनातून निघून बर्फात जायचं. सेलिब्रिटी नावाच्या क्रूझ कंपनीच्या ॲक्वाक्लास या प्रकारच्या केबिनवाल्यांना थर्मल सूट भाड्यातच येतो. तुमच्या बुकिंगमध्ये असलं काही आहे का एकदा बघून घ्या, नाहीतर असलेल्या गोष्टीचे पैसे भराल.

एकच वाईट, समुद्र खवळला की हौद बंद करतात. पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन बाहेर उसळतं. माझे ७ पैकी २ दिवस असे गेले, पैसे कुणी परत देत नाही.

---

खडूस_म्हातारा

वरच्या सगळ्या उत्साहावर थोडं गार पाणी ओततो.

माझ्या मते साफ नाही. जहाजाचं भाडं दिलं म्हणजे जेवण, खोली, करमणूक, पोहायचा तलाव, जिम सगळं दिलं. बऱ्याच जहाजांवर जिमच्या कपडे बदलायच्या खोलीजवळ साधा सॉना असतो, तो फुकट, कुणी सांगत नाही म्हणून कुणी जात नाही. मसाज जमिनीवर बऱ्याच कमी पैशात मिळतो आणि आवडला तर पुढच्या आठवड्यात त्याच माणसाकडे परत जाता येतं. इथे तुम्हाला कोण मिळणार हे नशिबावर.

आमच्या सौ.ची गोष्ट सांगतो. १३९ डॉलरचं फेशियल घेतलं. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं फॉर्म, तुम्हाला काय त्रास आहे, झोप लागते का, पाणी किती पिता. मग फेशियल, ते चांगलं झालं असं ती म्हणते. शेवटच्या पाच मिनिटांत त्या मुलीने आरसा हातात दिला आणि एकेक सुरकुती बोटाने दाखवली. मग एक छापील कागद काढला, त्यावर चेहऱ्याचं चित्र, त्यावर पेनाने गोल केले आणि बाजूला चार बाटल्यांची नावं लिहिली, सकाळी ही, रात्री ही, अगदी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. चारांची बेरीज ३८६. आमची सौ. दोन घेऊन आली. म्हणजे १३९ चं फेशियल तिला तीनशेच्या वर पडलं. दोन्ही बाटल्या आजही बाथरूमच्या फळीवर आहेत, एक तर उघडलीसुद्धा नाही.

दुसरं ते शेवाळाचं. अंगाला माती आणि शेवाळ फासून विजेचे बारीक झटके देतात आणि आधी-नंतर टेपने कंबर मोजून दाखवतात. मी मोजताना बाहेर बसलो होतो, दार उघडं होतं. आधी मोजताना टेप सैल, नंतर घट्ट. आणि समजा खरंच कमी झाली तरी ते पाणी आहे, दोन ग्लास प्यायल्यावर परत येतं. शरीरातली घाण काढायला लिव्हर आणि किडनी दिलेत देवाने, दोन्ही फुकटात चालतात.

मोफत व्याख्यानं असतात तीपण तसलीच. सपाट पोटाचं रहस्य, पाय का दुखतात, पाठदुखीवर सुया. जाऊन बसा हवं तर, एसी चांगला असतो. शेवटी बुटात घालायचे पट्टे किंवा दहा वेळा सुया टोचायचं पॅकेज निघतंच पिशवीतून.

एक मात्र कबूल करतो, हे काही आजचं नाही. १९१२ साली टायटॅनिकवर टर्किश बाथ होता, एफ डेकवर, फक्त पहिल्या वर्गासाठी, आणि एवढं महागडं तिकीट काढलेल्या त्या लोकांनाही आत जायला १ डॉलर वेगळा द्यावा लागायचा. म्हणजे भाड्याच्या वर स्पाचे पैसे ही चाल शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

---

रेवा_टी

@खडूस काका, टेप सैल 😂😂 पण तुम्ही मसाज एकदा तरी घेतलाय का हो जहाजावर? खरं सांगा.

---

खडूस_म्हातारा

नाही. आणि घेणारही नाही. मला अनोळखी माणसाने हात लावलेला आवडत नाही, न्हाव्याकडेसुद्धा मी डोळे मिटून बसतो.

---

कधीकाळी_जहाजावर

मी हा धागा वाचून गप्प बसणार होते पण राहवत नाही. मी मसाज थेरपिस्ट म्हणून दोन कॉन्ट्रॅक्ट केलीत जहाजावर, प्रत्येकी आठ महिन्यांचं. कंपनीचं नाव विचारू नका.

काकांचं चुकीचं नाही पण त्या मुलीच्या बाजूनेही बघा. बहुतेक मोठ्या जहाजांवर स्पा क्रूझ कंपनीचा नसतोच, बाहेरची कंपनी चालवते आणि कमाईतला वाटा जहाजाला देते. आमचा मूळ पगार कमी, बाकी सगळं कमिशन, आणि दर क्रूझला बाटल्या विकायचं टार्गेट. संध्याकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आकडे वाचतात. ती मुलगी तो कागद भरते तेव्हा तिला मनातून किती लाज वाटते हे मी सांगू शकते, मी भरलेत. आठ महिन्यांनी उतरले तेव्हा माझे दोन्ही अंगठे वाकत नव्हते.

म्हणून शेवंतीताई, नाही म्हणायची भीती वाटते ना, तर ते आधीच म्हणून टाका. फॉर्म भरताना शांतपणे सांगा की मला आज काही विकत घ्यायचं नाहीये, कृपया शेवटी प्रॉडक्टबद्दल बोलू नका, आणि मसाज करताना गप्पाही नकोत. फॉर्मवर लिहूनही द्या. बरं वाटतं आम्हाला, खरंच, कारण मग वर सांगता येतं की पाहुणीनेच नको सांगितलं होतं. आणि कागद दिलाच तर घ्या, थँक्यू म्हणा, निघा. कागद घेतला म्हणून काही बिल लागत नाही.

दिवस कुठला घ्यायचा? पहिला समुद्राचा दिवस सोडून कुठलाही. त्या दिवशी आम्ही सकाळी आठपासून एकामागून एक, मध्ये चादर बदलायला दहा मिनिटं, संध्याकाळच्या सहाव्या-सातव्या माणसाला मिळणारे हात आणि सकाळच्या पहिल्या माणसाला मिळणारे हात एक नसतात. बंदराच्या दिवशी सकाळी या. भाव कमी, आमचे हात ताजे, आणि जहाज धक्क्याला बांधलेलं असतं.

हे बांधलेलं असणं महत्त्वाचं आहे हां. स्पा बहुतेक वेळा जहाजाच्या वरच्या डेकवर अगदी पुढच्या टोकाला असतो, समुद्र दिसावा म्हणून. आणि जहाज वरखाली होतं ते सगळ्यात जास्त टोकांनाच. त्यात तुम्ही पालथ्या, तोंड त्या टेबलाच्या भोकात, नजरेसमोर फक्त जमीन. ज्यांना एरवी जहाज लागत नाही त्यांनाही तिथे मळमळतं. आम्ही टेबलाखाली एका वाडग्यात सुगंधी पाणी आणि फुलं ठेवायचो, ती फुलं एका कडेवरून दुसऱ्या कडेला जाताना बघून एक बाई अर्ध्यातून उठून पळाल्या होत्या.

आता जरा गंभीर. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच जहाजावर चढत असाल आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी वाटत असेल तर मसाजला येऊ नका, डॉक्टरला दाखवा. रक्ताची गाठ असू शकते, चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर जोराचा मसाज नको, काळे-निळे डाग पडतात. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण, हे फॉर्मवर लपवू नका, विशेषतः वाफेत जायच्या आधी. दारू पिऊन वाफेत तर नकोच नको. उन्हाने भाजलेल्या अंगावर मसाज नको, पहिल्या दिवशी लोक डेकवर लालबुंद होतात आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर किंचाळतात. आणि फेशियल घेतलंत तर शेवटच्या दिवसांत घ्या, चेहरा घासून काढल्यावर भर उन्हात डेकवर बसलात तर काय होणार.

अजून एक छोटं. डोक्याला तेल लावू नका म्हणून आधी सांगा, नाहीतर त्या रात्री सजून जेवायला जायचं असेल तर केस धुण्यात दोन तास जातील.

---

मणका_मास्तर

फिजिओथेरपी हा माझा धंदा, म्हणून दोनच ओळी. मान-खांद्याच्या दुखण्याला मसाजने बरं वाटतं हे खरं, पण ते थोडे दिवस. बसायची पद्धत तीच राहिली तर घरी आल्यावर दुखणं जिथल्या तिथे. तेव्हा इलाज म्हणून नका घेऊ, चैन म्हणून घ्या, मग पैसे फुकट गेले असं वाटणार नाही. आणि पाठदुखीवर जहाजावर कुणी दहा बैठकींचं पॅकेज सांगितलं तर ७ रात्रींत दहा बैठकी कशा बसवणार हे विचारा त्यांना.

जोराचा मसाज हवाय असं सांगायची हौस असते लोकांना, पहिल्यांदा असेल तर मध्यमच सांगा. दुखलं की तोंडाने सांगायचं, सहन करण्याचं बक्षीस नसतं. उरलेले दिवस डोकं वळवता आलं पाहिजे, समुद्र दोन्ही बाजूंना असतो.

---

शेवंती_के

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून आभार. @कधीकाळी_जहाजावर तुमचं वाचून तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, अंगठ्यांचं ऐकून तो एकदम गप्प झाला.

ऑनबोर्ड क्रेडिट बघितलं, १०० डॉलर आहे, परत न मिळणारं! हे आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणजे आता ठरवलंय असं की चढल्यावर आधी थर्मल सूट बघून यायचा, हात लावून (रेवाताई 😄), गरम असेल तर पास, आणि मसाज एकच, माझा एकटीचा, बंदराच्या दिवशी. नवरा म्हणतो पास घेतला तर तुझ्यासोबत येईन पण आत जाऊन काय करायचं ते मला सांग. आल्यावर लिहीन.

---

हिशेबनीस

वाट बघतो. आकडे लिहून आणा.

---

शेवंती_के

आलो हो आलो! उशीर झाला लिहायला, आल्यापासून दोन आठवडे नुसते कपडे धुण्यात आणि फोटो बघण्यात गेले.

चढल्यावर जेवण सोडून सरळ स्पात. आमच्याआधी वीसेक माणसं होती तिथे, म्हणजे हा धागा बरेच जण वाचतात वाटतं. थर्मल सूट खरंच चांगला निघाला, आठ पलंग, वाफेच्या दोन खोल्या, हौद पण होता. पहिल्या दिवशीची सूट धरून दोघांचा पास ३४९ चा ३१९ ला मिळाला, त्यावर टिप वगैरे नाही लागली. त्यातले १०० क्रेडिटमधून.

आणि आता ऐका. ज्या माणसाने विचारलं होतं आत जाऊन काय करायचं, तो पहिल्या संध्याकाळी त्या पलंगावर पडला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. म्हणजे रेवाताई म्हणतात ती जहाजावरची एकमेव गप्प जागा, ती आम्ही मोडली. बाजूची बाई उठून वाफेत गेली. मी त्याला हलवलं तर म्हणतो, झोपलो नव्हतो, समुद्र बघत होतो. डोळे मिटून. त्यानंतर रोज, अगदी रोज, बंदरातून परत आलो की बूट काढायच्या आधी विचारायचा, जायचं ना वर? सातही दिवस गेला. मी पाचच दिवस गेले कारण एका संध्याकाळी मला नाच बघायचा होता आणि एका संध्याकाळी पोट बिघडलं होतं. हौद एक दिवस बंद होता, दोरी बांधून ठेवली होती, पाणी खरंच या काठावरून त्या काठाला चाललं होतं, बघायलाच मजा आली.

मसाज तिसऱ्या बंदराच्या सकाळी घेतला. केबिनमध्ये कागद आला होता, १५९ चा ११९, अधिक १८ टक्के. मुलगी फार गोड होती, पंचविशीची असेल. मी फॉर्म भरतानाच म्हटलं की मला काही घ्यायचं नाहीये आणि गप्पाही नकोत, तर ती पहिल्यांदा हसली, म्हणजे त्याआधी नुसतं कामाचं हसत होती. मध्यम जोर सांगितला होता. डाव्या खांद्यापाशी आली आणि थांबली, मग अंगठ्याने नाही, कोपराने एका जागी दाबून धरलं, तसंच, बराच वेळ, आणि हळूच काहीतरी सुटलं तिथलं. मला रडू आलं. दुखून नाही, असंच. चेहरा त्या भोकात होता म्हणून बरं, थेंब सरळ खाली वाडग्यात. फुलं होती हो खरंच, पिवळी. जहाज बांधलेलं होतं, जागची हलली नाहीत.

शेवटी कागद दिलाच तिने, दोन तेलांची नावं लिहून, पण काही न बोलता. मी घेतला. रिकाम्या ओळीवर मी १० डॉलर लिहिले, हिशेबनीस, चष्मा लावून लिहिले, रागावू नका.

खांदा? चारेक दिवस छान होता. आता परत आहे तसा आहे. मास्तर, व्यायाम सांगा.

---

हिशेबनीस

रागावलो नाही. पास ३१९, तुमच्या दोघांच्या मिळून १२ फेऱ्या, म्हणजे फेरीला २६.५८. क्रेडिट वजा केलं तर १८.२५. मसाज १४०.४२ अधिक तुमचे १०. मी असतो तर पासावर थांबलो असतो, पण ते रडू आलं वगैरे कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला कळत नाही, म्हणून सोडून दिलं.

---

खडूस_म्हातारा

मी अजूनही नाहीच म्हणतो. पण तुमच्या यजमानांना विचारा, ते पलंग किती वेळ गरम राहतात? की थोड्या वेळाने गार पडतात? आमची सौ. विचारतेय.

---

शेवंती_के

😄 तो म्हणतोय तो उठेपर्यंत गरमच होता.